‘आनुवंशिकता’ या एका शब्दात दोन अर्थ

पाटीपेन्सिल:
पालकसभेसाठी मुलांच्या बुद्धीवर एक टिपण मराठीत लिहितेय आणि ‘हेरिटेबिलिटी’ला अडलेय. २०१० साली चार देशांतल्या सुमारे ११,००० जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बुद्धीच्या हेरिटेबिलिटीचा आकडा नवव्या वर्षी ४१ टक्के, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६ निघाला. मी लिहिलं, ‘बुद्धीची आनुवंशिकता ४१ टक्के’. खर्डा वाचून एका आईने विचारलं, “म्हणजे पोराची ४१ टक्के बुद्धी आमची, बाकीची शाळेची?” तसा अर्थ नाहीच, पण माझ्या वाक्यातून दुसरा कुठला निघणार? ‘उपजत’ही चालत नाही. उपजताना असतं ते उपजत, इथे तर आकडा वयाबरोबर चढतोय.

निफाडकर:
ताई, हा आकडा एका पोराचा नसतोच, पोरापोरांतल्या फरकाचा असतो: त्या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकामुळे पडला, एवढंच तो सांगतो. आमच्या बागेवरून सांगतो. थॉम्पसन द्राक्षाचा अख्खा प्लॉट डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेला, म्हणजे वेली जनुकांनी सारख्याच. तरी गोडी छाटणीनंतर (फळासाठी करतात ती छाटणी) एका ओळीत साखर भरते, मुरमाड कडेच्या ओळीत भरत नाही. हा फरक मातीचा, पाण्याचा, वेलीवर घड किती ठेवले त्याचा. त्या प्लॉटपुरती गोडीची हेरिटेबिलिटी जवळपास शून्य. म्हणून द्राक्ष काय जनुकांशिवाय गोड झालं? आता त्याच प्लॉटमध्ये दुसरा वाण मिसळा आणि खतपाणी सगळीकडे सारखं करा, आकडा लगेच वर जाईल. ‘खाण तशी माती’ ही म्हण इथे उपयोगाची नाही.

मला विचाराल तर ‘अनुवंशवाटा’ म्हणा. वाटा म्हटला की कशातला वाटा, हे माणूस आपोआप विचारतो.

जुनी वही:
‘अनुवंशवाटा’ला माझं मत. ‘आनुवंशिकता’ मूळ अर्थाला, गुण पिढीतून पिढीत उतरण्याला, राहू द्या. (पहिला ‘आ’ दीर्घच. समाज-सामाजिक, तसं अनुवंश-आनुवंशिक.)

टिपणात शिक्षणही येणार असेल तर ‘संपादणूक’ शब्द जपून वापरा. आपल्याकडे त्याचा अर्थ मूल काय शिकलं, किती गुण मिळवले. जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत मोजतात ती शिक्षणाची वर्षं. सुरगाण्याच्या पाड्यावरची हुशार मुलगी वसतिगृह नाही म्हणून दहावीला थांबते, तेव्हा तिची वर्षं कमी भरतात, बुद्धी नव्हे. सरळ ‘शिक्षणाची वर्षं’ लिहावं.

पाटीपेन्सिल:
दोन्ही घेतले. जनुकांच्या अशाच एका मोठ्या, २०२२ च्या अभ्यासाचं वाक्य आता असं केलंय: ‘युरोपीय वंशाच्या सुमारे ३० लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून केलेला गुणांक त्याच वंशाच्या लोकांमधल्या शिक्षणाच्या वर्षांतल्या फरकाचा १२ ते १६ टक्के भाग सांगतो.’ आपल्या मुलांना तो तसाच लावता येत नाही, हेही त्याच परिच्छेदात घातलं.

खर्ड्यातला ‘वारसा’ हा शब्द मात्र मी खोडला. आइसलँडमधल्या २०१८ च्या अभ्यासात आईबापांची जी जनुकं मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसला, आलेल्या जनुकांच्या परिणामाच्या साधारण ३० टक्के. म्हणजे तो आला घरातून, आईबापांच्या वागण्यातून. जे हाती आलंच नाही त्याला वारसा कसं म्हणू? तिथे मी ‘घरचं वळण’ लिहिलंय. कुणाला खटकत असेल तर शुक्रवारच्या आत सांगा, शनिवारी टिपण छापायला जातंय.