हॉकी: बॉल गेला की फॉरवर्डची पोरं मागे येत नाहीत, मदत हवी आहे

भुसावळला १४ वर्षांखालच्या मुलांना हॉकी शिकवतो. मैदान मुरमाचं. उन्हामुळे सराव सकाळी लवकरच उरकावा लागतो.

फॉरवर्ड लाइन डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घुसायला वाघ आहे, पण बॉल हरवला की कमरेवर हात ठेवून उभी. समोरच्या संघाचा हाफ (मधल्या फळीचा खेळाडू) त्याच्या २३ मीटर रेषेपासून (गोलरेषेपासून २३ मीटरवरची रेषा) निवांत वर येतो आणि सगळा भार आमच्या डिफेन्सवर पडतो.

फेऱ्या मारायला लावल्या, तर पोरं मागे धावणं म्हणजे शिक्षाच समजू लागली. सहा-सहाच्या खेळात 'गेलेला बॉल पाच सेकंदांत परत मिळवला तर दोन गुण' हा नियम मात्र चालला. सरावात पळतात, मॅचमध्ये विसरतात. जे पळतात ते थेट अंगावर जातात; स्टिकवर स्टिक, की लगेच समोरच्यांना फ्री हिट. समोरच्याला साइडलाइनकडे दाबत न्यायचं, हे डोक्यात उतरत नाही. एका फॉरवर्डला फुलबॅक (मागे बचावात) खेळवून पाहिलं, तर घरून फोन: "सर, आमचा पोरगा गोल मारतो, त्याला मागे का टाकलं?"

दमल्याचं कारण नाही, बदली खेळाडू भरपूर आहेत.

या वयात सेंटर फॉरवर्डला मधल्या रेषेपर्यंतच मागे बोलवावं की आपल्या २३ मीटरपर्यंत? आणि टॅकल न करता नुसतं दाबत नेणं शिकवणारा, मुरमावर जमेल असा एखादा सराव सांगाल का?