संदेष्टा, द्रष्टा की नबी? आमोसला म्हणायचं काय?

प्रश्न: मराठी बायबलात आमोस 'संदेष्टा' आहे. 'प्रेषित' का नाही? आणि ही मंडळी पुढचं सांगत, तर सरळ 'भविष्यवेत्ता' म्हटलं तर काय बिघडलं?

उत्तर: 'प्रेषित' आधीच गुंतलेला आहे. ख्रिस्ती लेखनात तो येशूच्या शिष्यांना लागतो ('प्रेषितांची कृत्ये' आठवा), इतरत्र मुहम्मद पैगंबरांना. आणि 'भविष्यवेत्ता' म्हटलं की पत्रिका उघडून बसलेले जोशीबुवा दिसतात. आमोस होता तकोवाचा मेंढपाळ, इ.स.पू. ८व्या शतकातला. यहूदा या दक्षिणेकडच्या राज्यातून उत्तरेला इस्राएलातल्या बेथेलला गेला आणि तिथला राजा दुसरा यराबाम याच्या सुबत्तेच्या काळात ऐकवून आला: जोडाभर चपलांसाठी गरिबाला विकता, माप लहान ठेवता, तागडी खोटी वापरता. पुढे काय होणार हेही तो सांगतो, पण आज काय चाललंय ते आधी.

आणखी एक: मूळ हिब्रूतली गंमत आमोसच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. बेथेलचा याजक अमस्या त्याला 'होझे' म्हणतो, म्हणजे पाहणारा. आपला 'द्रष्टा' तंतोतंत बसतो. वर बजावतो, यहूदात जा, तिथे पोट भर. आमोसचं उत्तर: मी 'नावी' (हिब्रूत संदेष्टा) नाही, नावीचा मुलगाही नाही. (इथला 'मुलगा' म्हणजे त्या पंथातला चेला, घराण्याचा संबंध नाही.) मी गुरं राखणारा, उंबराची फळं टोचणारा. ते झाड आपल्या उंबराचं भाऊबंदच, फळं खोडालाच लगडतात. पिकावीत म्हणून त्यांना चिरा देत.

नाम नाकारतो, पण पुढच्याच वाक्यात त्याच धातूचं क्रियापद देवाच्या तोंडी येतं: जा, माझ्या लोकांपुढे 'नावी'पण कर. मराठीत इथे पंचाईत. 'संदेष्टा'वरून क्रियापद होत नाही. 'भविष्य सांग' लिहिलं की जोशीबुवा मागल्या दाराने परत आत.

जाता जाता: 'नावी'चं अरबी भावंड 'नबी' आपल्याकडे आहेच. शिवाय कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, एलिया संदेष्ट्याला 'एलियाहू हनबी' म्हणतात; त्यातला 'ह' हिब्रू निर्देशक आहे, इंग्रजी 'द'सारखा. पोहे-खोबऱ्याचा मलिदा त्याच एलियाच्या नावाने होतो.

प्रश्नकर्ता: मग त्या क्रियापदाला नुसतं 'जा, बोल' ठेवलं तर?

उत्तर: चालेल. मी 'जा, सांग' म्हणेन. 'सांग'मध्ये निरोप येतो.