अनुभव धागा: दुखतं कुठे, ते काढून दाखवा

दवाखान्यात ‘काय होतंय?’ विचारतात, ‘काम काय करता?’ हे क्वचितच. म्हणून हा धागा. कामगार संघटना अनेक देशांत ‘शरीराचा नकाशा’ ही कार्यशाळा घेतात. कागदावर माणसाची बाह्यरेषा काढायची आणि दुखऱ्या जागा रंगवायच्या. इटलीत तूरिनच्या मोटार कामगारांनी १९६०च्या दशकात आपल्या कारखान्यातल्या धोक्यांचे नकाशे असेच काढले होते. एकीचं चित्र पाहून ‘वय झालं’ म्हणता येतं. दहाजणींची चित्रं शेजारी लावली आणि लाल रंग एकाच जागी दिसला, की तसं म्हणता येत नाही. तुम्ही अशा कार्यशाळेत बसला असाल तर लिहा.

सोलापूर, विडी कामगाराची मुलगी
आईला तेलुगूत बोलणं सोपं जातं, म्हणून तिचं मी लिहितेय. ती लहानपणापासून विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली. मजुरी हजार विड्यांमागे, छाट निघाली की तेवढ्या विड्या गेल्या, म्हणून मध्ये उठायचं नाही. कार्यशाळेत सगळ्या बायकांनी आधी मान आणि अंगठे लाल केले. आईने डोळेही रंगवले. मग एका बाईने स्वतःच्या चित्राशेजारी छोटं बाळ काढलं, सुपाजवळ झोपलेलं, आणि त्याची छाती काळी केली. कुणी सांगितलं नव्हतं. तंबाखूची धूळ श्वासात जाते, निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं, ही माहिती कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी त्यानंतर दिली. बायकांनी ठरवलं की तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही. पण ज्यांचं घरच एका खोलीचं, त्यांनी काय करायचं? याचं उत्तर मालकांकडून यायला हवं, असं मला ठाम वाटतं.

बीड, आशा कार्यकर्ती
ऊसतोडीहून परतलेल्या बायकांना मी ज्वारीचे २४ दाणे दिले. एक दाणा म्हणजे एक तास, दिवसाची वाटणी करा म्हटलं. तोड, मोळ्या वाहणं, रात्री गाडी भरणं, स्वयंपाक, पाणी. झोपेच्या रकान्यात चार-पाच दाणे उरले. पाळीच्या दिवसांसाठी दाणाच नव्हता, कारण खाडा केला की दंड. २०१९च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तो आकडा मी वाचला होता. दाणे मांडल्यावर तो मला कळला.

इचलकरंजी, यंत्रमाग कामगार
आम्हाला न बोलता शेडमधला दिवस करून दाखवायला सांगितलं. सोपं गेलं, शेडमध्ये आम्ही खुणांनीच बोलतो! बायकोने मात्र घरातला प्रसंग केला: ती हाक मारतेय, मी बघत नाही, कुकरची शिट्टी, मी बघत नाही. मागाच्या गोंगाटाने उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं आधी जातं आणि परत येत नाही, हे तेव्हा समजलं. कानात घालायचे बोळे मिळाले. पण सैल झालेले भाग आवळले, वेळेवर तेल दिलं तर मागाचाच आवाज कमी होतो, हे मालकाला सांगावं लागतं. आम्ही पाचजण मिळून सांगायला गेलो.

पुणे, परिचारिका
आमच्या चित्रांत पाय निळे होते, शिरा फुगलेल्या. तीच चित्रं ड्युटी रूममध्ये लावली. वॉर्डात बसायला दोन स्टूल आली. रात्रपाळीला माणसं वाढवायची मागणी अजून पडून आहे. पुढच्या बैठकीला चित्रं पुन्हा नेणार आहोत.