संशयकल्लोळ बसवतोय, ऑर्गन भाड्याने आणावा का? (बजेट ३०,०००)

वेंधळा_सूत्रधार:
मंडळी, आमच्या सोसायटीला (डोंबिवली) २५ वर्षं होतायत, त्यानिमित्त फेब्रुवारीत संगीत संशयकल्लोळ (देवलांचं जुनं विनोदी संगीत नाटक) करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे सेक्रेटरीकाकांनी मीटिंगमध्ये बोलून टाकलं आणि दिग्दर्शनाला मी सापडलो. पटांगणात मांडव, सव्वादोन तासांत उरकायचं कारण दहाला स्पीकर बंद. सगळं मिळून ३०,०००, त्यातच कपडे, रंगभूषा, आवाज. तर ऑर्गन भाड्याने आणावा की कीबोर्डवर भागेल? पदं (नाटकातली गाणी) किती ठेवू? शालू-पगड्यांचं काय? आश्विनशेठ (नायक) शिकलेला गाणारा आहे, रेवती (नायिका) नवीन आहे पण सुरात आहे, फाल्गुनराव (संशयी नवरा) बँकेतून रिटायर झालेले, त्यांना सगळं पाठ आहे, इतकं की दुसऱ्यांची वाक्यंही तेच बोलतात.

फोंडेकर:
ऑर्गनच. विषय संपला. आमच्या गावात जत्रेला नाटक अकराला सुरू व्हायचं आणि घरी येईपर्यंत उजाडायचं, सव्वादोन तासांत आमची नांदी आणि चहा होतो. कीबोर्डवर नाट्यपद म्हणजे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कोण काढणार? ५०-६० हजार तरी हाताशी ठेवा, एवढ्यात नाटक होत नसतं.

तबल्यामागचा:
फोंडेकर, मींड ऑर्गनवर तरी कुठे निघते हो? पट्ट्या त्याच की. ऑर्गनचा सूर लांबतो, गाणाऱ्याला भरणा मिळतो, तो फायदा. मींड गळ्यातून यायची.

फोंडेकर:
तुम्ही चांगला ऑर्गन ऐकलेला नाही एवढंच म्हणेन.

विंगेतली:
आम्ही मागच्या वर्षी आणला होता ऑर्गन. भाडं परवडलं, टेम्पो आणि चार हमालांनी मारलं, तीन मजले चढवायचा होता आणि लिफ्टमध्ये मावेना. दुसऱ्या अंकात भाता कुठेतरी उसवला, वादक पाय मारतोय आणि आतून नुसतं फुस्स. लोक हसले, पण आम्ही हसवणार होतो तिथे नाही. भाड्याने घेणार असाल तर आदल्या दिवशी तासभर वाजवून बघा, नुसता सूर लावून सोडू नका. आणि डिपॉझिटची पावती घ्या, आमचं अजून अर्धं अडकलंय.

पहिल्या_रांगेत:
मी प्रशांत दामले आणि राहुल देशपांडेंचं पाहिलंय, पुढून तिसऱ्या खुर्चीवरून. तसा सेट, तसा प्रकाश करा, मग बघा. ३०,००० तर रंगभूषेतच जातील.

विंगेतली:
बजेट वाचलंत का दादा?

चुलत_रसिक:
थोडी माहिती. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं (१६६०), त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक १७६१ चं, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ च्या सुमारास गद्य केलं, नाव फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा. पदांसकट रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने आणलं, रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. देवल त्याच वर्षी गेले. पुरुषांची नावं महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून, त्यामुळे पत्रिकेत आश्विनशेठचं अश्विनीशेठ छापू नका, आमच्या शाळेत छापलं होतं.

तबल्यामागचा:
हे सगळं ठीक, ऑर्गनचं काय?

चुलत_रसिक:
ऑर्गनवर मी बोललोच नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की जे नाटक आधी गद्यात चाललं ते पदं कापली म्हणून पडत नाही. घोटाळा पक्का बांधलेला आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते, इकडे कृत्तिकेच्या हातात परपुरुषाची तसबीर, ती फाल्गुनराव बघतो. यातलं एक वाक्य गळलं तरी पुढचं कळत नाही. म्हणून कात्री पदांवर चालवा, संवादांवर नको. सगळे उलटं करतात.

विंगेतली:
+१. तसबिरीवरून आठवलं. आमची तसबीर कुणाच्या तरी घरी राहिली, कृत्तिकेने मोबाइलचं काळं कव्हर हातात धरून अख्खा अंक काढला. मागच्या रांगेला कळलं नाही, पुढच्यांना कळलं. तसबीर एकाच माणसाकडे द्या आणि तो माणूस नटांपैकी नको.

मुक्काम_पोस्ट:
ट्रॅक लावा ना सरळ. कराओके. स्वस्त.

फोंडेकर:
धागा बंद करा.

काळी_पाच:
उशिरा लिहितोय. ऑर्गन की कीबोर्ड हा दुसरा प्रश्न आहे, आधी पट्टी (कोण कुठल्या सुरातून गाणार) ठरवा. आश्विनशेठ समजा काळी एकला गातोय आणि रेवती काळी चारला, तर दर पदाला वादकाला बोटं बदलावी लागणार, मुरलेला असेल तर ठीक, नाहीतर कीबोर्डवर बटण दाबून पट्टी बदलते, त्यात कमीपणा नाही. तबलेही दोन पट्ट्यांचे लागतील, त्याचं भाडं कुणी धरत नाही. पदं चार-पाच पुरे. कर हा करी, संशय का मनी आला, मजवरी तयांचे, हृदयी धरा. मृगनयना दरबारी रागात आहे, तब्येतीने म्हणायचं पद, घाईत म्हटलं तर म्हणू नये. मांडवात वर टांगलेले माइक लावू नका, पंख्याचा आवाज आधी येतो, संवाद नंतर. शिवलेल्या नऊवारी घ्या. आणि तिकीट लावणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर) प्रमाणपत्र आधी काढा.

तबल्यामागचा:
काळी_पाच यांना अनुमोदन. मीही हेच म्हणत होतो.

फोंडेकर:
तुम्ही मींडबद्दल म्हणत होतात.

वेंधळा_सूत्रधार:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो, ओरडू नका. ऑर्गन नाही, कीबोर्डही नाही. कृत्तिकेचं काम करणारीच्या सासऱ्यांची पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनियम) माळ्यावरून काढलीय, भाता उंदरांनी खाल्लेला, त्याला रेक्झिनचं ठिगळ लावलंय आणि सध्या आवाज येतोय. वाजवायला सासरे स्वतः, वय ७८, पैसे घेत नाहीत, फक्त त्यांना मध्ये थांबवायचं नाही. पदं अकरा ठेवलीत. मला माहितीय. आश्विनशेठ म्हणाला मृगनयना नसेल तर मी नाही, आणि दुसरा आश्विनशेठ आमच्या चार बिल्डिंगांत नाही. मग चुलत_रसिक नको म्हणाले तेच केलं, भादव्याचे संवाद कापले, भादव्या रुसलाय. नऊवाऱ्या शिवलेल्याच घेतल्या, साउंडवाल्याला टांगते माइक नको म्हणून सांगितलंय, तिकीट नाही. काल पूर्ण तालीम झाली, तीन तास दहा मिनिटं.

विंगेतली:
म्हणजे दहाला स्पीकर बंद झाल्यावर शेवटचा अंक बिनमाइकचा?

वेंधळा_सूत्रधार:
सात ऐवजी सव्वासहाला सुरू करतोय. उरलेलं सासऱ्यांवर.

काळी_पाच:
पायपेटी कुठल्या पट्टीत लावलीय ते सांगितलंच नाहीत.