‘लाइन’ : अक्षरे किती आणि अर्थ किती?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासत असताना एकाच पानावर ‘लाइन’, ‘लाईन’ आणि ‘लायनीत’ अशी तीन रूपे आढळली. तिन्ही लेखकांचा जन्म मुंबईतला, तिघांचेही मराठी चांगले, आणि विचारणा केल्यावर तिघांनीही आपलेच रूप बरोबर असल्याचे ठामपणे सांगितले. म्हणून हा शब्द येथे चर्चेसाठी मांडत आहे.

इंग्रजीत हा शब्द एका दमात उच्चारला जातो. ‘आ’पासून निघून ‘इ’कडे सरकणारा तो एकच संयुक्त स्वर आहे. देवनागरीत मात्र त्याची तीन अक्षरे होतात आणि मधल्या अक्षराचे ऱ्हस्वदीर्घ आपल्याला ठरवावे लागते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे अकारान्त मराठी शब्दांचे उपान्त्य (शेवटच्या अक्षराआधीचे) इकार आणि उकार दीर्घ लिहायचे असतात (गरीब, वीट, फूल) आणि सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतात (गरिबाला, विटेला, फुलाला). शब्द पुरता आपला झाला असे मानले, तर ‘लाईन’ आणि ‘लाइनीत’ ही जोडी नियमाला धरून आहे. मला स्वतःला मात्र ती कानाला पटत नाही. ‘मी जाईन’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे आणि लगेच ‘हार्बर लाइन’ म्हणावे. ‘जाईन’मधील ‘ई’ स्वतंत्रपणे उभी राहते, तर ‘लाइन’मधील ‘इ’ आधीच्या ‘ला’ला टेकूनच येते. मात्रा मोजल्या तर ‘जाईन’च्या पाच भरतात आणि ‘लाइन’च्या चार. ‘डिझाइन’ आणि ‘ऑनलाइन’ हे शब्द तर अनेक जण ऱ्हस्वच लिहितात, मग मूळ शब्दालाच दीर्घत्वाची सक्ती कशासाठी? ‘लायनीत’विषयी एवढेच म्हणेन की ‘गाईचे’ आणि ‘गायीचे’ ही दोन्ही रूपे आपण चालवून घेतो, तेव्हा बोलण्यातल्या या ‘य’ला हसण्याचे कारण नाही.

आता अर्थाकडे वळू. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लीनुम’ म्हणत, त्या शब्दाशी जाऊन भिडते. त्या झाडाच्या धाग्याची दोरी म्हणजे ‘लीनेआ’. लिनन हे कापडही त्याच कुळातले. म्हणजे आधी दोरी, मग दोरी ताणून आखलेली रेघ, आणि मग रेघेत उभे असलेले सारे काही, असा हा विस्तार झालेला दिसतो. आपल्या ‘सूत्र’ शब्दानेही धाग्यापासूनच निघून नियमापर्यंत, गणिती समीकरणापर्यंत आणि नाटकातल्या सूत्रधारापर्यंत मजल मारली आहे. आपले गवंडी वीटकाम सरळ रेषेत यावे म्हणून ताणतात त्या दोरीला ‘लाइनदोरी’ म्हणतात. व्युत्पत्ती पाहिली तर तो ‘दोरीदोरी’ असा शब्द झाला, परंतु त्यांना तो कधी अडला नाही.

मराठीत या अर्थांची वाटणी आधीच झालेली होती. कवितेची ओळ, पाटीवरची रेघ, भूमितीतली रेषा, रेशनच्या दुकानापुढची रांग. यांतील ‘ओळ’ हा ‘आवलि’चा वंशज असल्यामुळे दीपावलीचा, म्हणजेच दिवाळीचा आप्त आहे. हे चारही शब्द स्त्रीलिंगी आहेत, आणि ‘लाइन’ही मराठीत ‘ती लाइन’ झाली ती बहुधा त्यांच्याच संगतीने. आपली वर्तमानपत्रेही वाटणीच करतात. त्यांच्याकडे पाण्याच्या लाइनीची जलवाहिनी होते, डेडलाइनची मुदत, हेडलाइनचा मथळा आणि गाइडलाइनची मार्गदर्शक तत्त्वे. ‘कापडाच्या लाइनीत आहे’ म्हणजे धंदा, ‘लाइनीवर आणला’ म्हणजे वठणीवर आणला, आणि ‘लाइन मारणे’ या प्रयोगाचा अर्थ येथे कोणाला सांगावा लागेल असे वाटत नाही.

माझा आग्रह एकाच अर्थापुरता आहे. ‘तुम्ही कुठल्या लाइनला राहता?’ या, लोकल रेल्वेच्या मार्गावरून राहण्याचे ठिकाण विचारणाऱ्या मुंबईकर प्रश्नातील शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, आणि तो शोधूही नये. ‘मार्ग’ हा अधिकृत शब्द गाडीपुरता ठीक आहे. मार्ग बंद पडतो, मार्गावर मेगाब्लॉक असतो. परंतु ‘मी मध्य मार्गाला राहतो’ असे कोणी म्हणत नाही. या प्रश्नात पत्ता येतो, घरी पोहोचण्याची वेळ येते आणि पावसाळ्यात पाणी कुठे भरेल याचा अंदाजही येतो. स्मरणिकेच्या एका लेखात संपादक मंडळाने हा शब्द काढून ‘मार्ग’ घातला होता. मी तो परत ‘लाइन’ केला आहे.

प्रतिसाद १ : आपले बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु एक अर्थ राहून गेला. मी मूळचा सोलापूरकडचा असून तीस वर्षे मुंबईत आहे. आमच्या गावी वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणतात आणि खांबावर चढतो तो लाइनमन. मुंबईत आलो तेव्हा इमारतीत अंधार झाल्यावर मी ‘लाइन गेली’ म्हणालो, तर शेजारच्या काकूंनी विचारले, “कुठली, सेंट्रल?” येथे ‘लाइट गेले’ म्हणतात हे मला त्या दिवशी समजले. शिवाय ‘मरीन लाइन्स’चे काय करायचे? ती कुठली लाइन?

उत्तर : काकूंचा प्रश्न माझ्याच मुद्द्याला पुष्टी देणारा आहे, त्याबद्दल आभार. मरीन लाइन्सचा मात्र रेल्वेच्या लाइनीशी संबंध नाही, आणि समुद्राकाठच्या रेषेशीही नाही. तेथे ब्रिटिशांच्या मरीन बटालियनची वसाहत होती आणि लष्करी भाषेत बराकींच्या रांगांना ‘लाइन्स’ म्हणत. नागपूरचे सिव्हिल लाइन्स आणि गावोगावच्या पोलिस लाइनी याच वळणाच्या आहेत. गंमत अशी की ‘पोलिस लाइनी’ असे मराठी अनेकवचन आपण सहज करतो, परंतु स्थानकाच्या नावातला इंग्रजी ‘स’ तसाच राहिला आणि ‘मरीन लाइन्सला उतरलो’ असा एकवचनी मुक्कामही झाला. ‘हार्बर आणि सेंट्रल या दोन्ही लाइनी’ लिहावे की ‘लाइन्स’, हे स्मरणिकेत अजून ठरायचे आहे. माझे मत ‘लाइनी’ला आहे. मुद्रिते शुक्रवारी छापखान्यात जातील, तोवर कोणाचा आक्षेप असल्यास जरूर कळवावा.