इंग्रजी शब्दाचे मूळ अचानक हाती लागले, असा तुमचा अनुभव

‘पोलिसांच्या हाती धागेदोरे’ हा मथळा आपण नेहमी वाचतो. इंग्रजीतला ‘क्लू’ हा शब्दही मुळात दोऱ्याच्या गुंडीचे नाव आहे. ग्रीक कथेतला थीसिअस चक्रव्यूहातून बाहेर पडला तो अशाच गुंडीच्या आधाराने, आणि तिथून त्या शब्दाला ‘माग’ हा अर्थ चिकटला. कोल्हापूरकरांना आपापल्या कामधंद्यात असे काही गवसले असेल, तर त्यांनी सविस्तर लिहावे. गोष्ट केवळ ऐकीव असेल तर तसे नमूद करावे, ही विनंती.

तालमीत वाढलेला
लहानपणी मी गंगावेशीतल्या तालमीत जात असे. जोर-बैठका झाल्या की वस्ताद आम्हा पोरांना दंड वळवून बेटकुळी काढायला सांगत, आणि ज्याची बेटकुळी वर येत नसे त्याला दूध वाढवण्याचा सल्ला मिळे. पुढे फिजिओथेरपी शिकताना वाचले की ‘मसल’ हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून आला असून त्याचा अर्थ ‘लहानसा उंदीर’ असा आहे. (आपला ‘मूषक’ही त्याच गोतावळ्यातला.) कातडीखालच्या हालचालीत त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी दिसली. माझ्या मते बेडकीच अधिक नेमकी, कारण दंड आखडला की ती खरोखर उडी मारते.

गुळाचे अडते
परगावच्या मालाच्या बिलावर ‘जॅगरी’ असे लिहिताना हा साहेबाचा शब्द आहे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात तो संस्कृत ‘शर्करा’चाच वंशज निघाला: दक्षिणेतल्या भाषांमधून पोर्तुगीजांनी तो उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. तीच ‘शर्करा’ फारसी, अरबी, लॅटिन आणि फ्रेंच असा लांबचा फेरा घालून ‘शुगर’ झाली, म्हणजे आमच्या पेढीवरचा गूळ आणि कारखान्याची साखर यांचे नाते इंग्रजीतही सख्ख्या बहिणींचेच आहे. ‘कँडी’ तर आपल्या ‘खंड’पासून, म्हणजे खडीसाखरेच्या खड्यापासून निघाली. ‘शर्करा’चा जुना अर्थ मात्र बारीक खडे, रेती असा आहे. काकवी आटल्यावर गूळ कसा रवाळ पडतो हे ज्याने गुऱ्हाळावर पाहिले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

उद्यमनगरातून
एका गिऱ्हाइकाने आमच्या फौंड्रीतले कास्टिंग छिद्रे पडल्याच्या कारणावरून परत पाठवले आणि रिफंड मागितला. चूक आमचीच होती. साचा नीट वाळला नव्हता. त्या रात्री मुलीच्या शब्दकोशात सहज पाहिले, तर ‘फौंड्री’ आणि ‘रिफंड’ हे दोन्ही शब्द ‘ओतणे’ अशा अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून आलेले, आणि रिफंड म्हणजे अक्षरशः ‘परत ओतणे’. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले आणि आलेला माल भट्टीत वितळवून पुन्हा साच्यात ओतला, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्याकडून शब्दाचे दोन्ही अर्थ पाळले गेले. ‘कन्फ्यूज’ही त्याच धातूचा आहे: एकत्र ओतून सरमिसळ करणे. दोन प्रकारचे भंगार चुकून एका भट्टीत गेले, तर काय होते ते आमच्या कामगारांना ठाऊक आहे.

निवृत्त शिक्षिका
मला एक कबुली द्यायची आहे. ‘सिन्सिअर’ म्हणजे ‘मेण न लावलेला’, कारण रोमन शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवीत, असे मी अनेक वर्षे वर्गात रंगवून सांगितले. ही व्युत्पत्ती रचलेली आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘शुद्ध, निर्भेळ’ एवढाच आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असल्यास कृपया दुरुस्ती करून घ्यावी.

मिसळप्रेमी
‘कंपॅनिअन’ म्हणजे जो आपल्यासोबत पाव खातो तो. त्यातला लॅटिन ‘पानिस’ पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे ‘पाव’ होऊन आला. आमच्या गावात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस देतात, तरी व्याख्येला बाधा येत नसावी.

आठवीतल्या मुलाचे वडील
चिरंजीवांनी चाचणीत ‘मंगूस’चे अनेकवचन ‘गूस’प्रमाणे ‘मंगीस’ असे लिहिले आणि गुण गमावला. त्या शब्दाचा हंसाशी काहीही संबंध नाही. इंग्रजीने तो आपल्या ‘मुंगूस’वरूनच घेतला आहे. शब्द घरचा, आणि गुण मात्र गेला.