बँजो नेमका कुणाचा?

धुळाक्षर
परवा एका घरगुती मैफलीत एकाने सुरेख बँजो (गोल, कातडं ताणलेला अमेरिकी तंतुवाद्य प्रकारातला) वाजवला आणि शेवटी म्हणाला, "हे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पचलं नाही, म्हणून हा धागा.

बँजोचं घराणं पश्चिम आफ्रिकेतलं आहे. सेनेगल-गॅम्बियाकडचे जोला लोक आजही अकोंटिंग वाजवतात. भोपळ्यावर ताणलेलं कातडं आणि तीन तारा, त्यातली एक आखूड. तर्जनीच्या नखाने वरून खाली आघात करायचा आणि अंगठ्याने ती आखूड तार छेडायची. अमेरिकेत ज्याला क्लॉहॅमर म्हणतात ती पद्धत याच्याच जवळची. गुलाम करून आणलेल्या माणसांनी आधी कॅरिबियन बेटांवर आणि मग अमेरिकेत हे वाद्य पुन्हा घडवलं. गोऱ्यांच्या रंगमंचावर ते गाजलं 1840 च्या दशकात, तेही तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या खेळांतून. याला 'गोऱ्यांचं वाद्य' कसं म्हणायचं?

खर्जातला सा
बँजोबद्दल पूर्ण मान्य. पण एका वाद्यावरून सगळं लोकसंगीत एका बाजूला झुकवू नका. फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, आणि तिच्या कितीतरी चाली स्कॉटलंड-आयर्लंडहून आल्या. लोकगीतं गोळा करणारा इंग्रज सेसिल शार्प 1916 ते 1918 अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांत फिरला, तेव्हा त्याला इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी कथागीतं तिथल्या गरीब बायाबापड्यांच्या तोंडी सापडली. त्यांनीही ती जिवापाड जपली होती. मूळ शोधत गेलं की मालकी येते, आणि लोकसंगीताला मालकीची भाषा लावणं मला पटत नाही.

धुळाक्षर
त्या बायांचं श्रेय कुणी काढून घेत नाहीये. पण शार्पने काळ्या गायकांकडून जवळजवळ काही टिपलंच नाही, हेही त्याच प्रवासातलं सत्य आहे. आणि मालकी मी आणलेली नाही. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनीच वाटणी केली: काळ्यांच्या त्या 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांच्या त्या 'हिलबिली'. एकाच गावात, एकाच चालीवर वाजवणारी माणसं दुकानातल्या दोन कप्प्यांत गेली. काळा माणूस फिडल वाजवतो म्हटलं, तर ते कुठल्याच कप्प्यात नीट बसेना.

लेस्ली रिडलचंच घ्या. एक पाय गमावलेला काळा गिटारवादक. साधारण 1928 पासून तो 'कार्टर फॅमिली' या गोऱ्या गायक-कुटुंबातल्या ए. पी. कार्टरबरोबर गाणी गोळा करत हिंडला. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात साठवायचा. कार्टर फॅमिलीचं नाव देशभर झालं. रिडल विस्मृतीत गेला, तो 1960 च्या दशकात लोकसंगीतकार माइक सीगरने शोधून काढेपर्यंत.

उत्तररात्र
मी गिटार शिकतेय, म्हणून एलिझाबेथ कॉटन या काळ्या गिटारवादक-गायिकेबद्दल लिहिते. जन्म 1893, नॉर्थ कॅरोलायना. डावखुरी, म्हणून उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायची. त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांनी आणि चाल अंगठ्याने! मी करून पाहिलं, दोन मिनिटांत हात अवघडला. 'फ्रेट ट्रेन' हे गाणं तिने लहानपणी रचलं. ती याच माइक सीगरच्या घरी घरकाम करत होती, तिथून ते गाणं इंग्लंडला पोहोचलं, 1957 मध्ये तिथे गाजलं, आणि रेकॉर्डवर रचनाकार म्हणून दुसऱ्याच दोघांची नावं. तिचं नाव नंतर लागलं.

खर्जातला सा
कॉटनबाईंवर अन्याय झाला, यात वादच नाही. ती एका व्यक्तीची रचना होती. रिडलचं मात्र वेगळं वाटतं, त्याने गोळा केलेल्या चालीही कुणाकुणाकडून ऐकलेल्याच ना? मग श्रेय द्यायचं कुणाला?
आणि जो थॉम्पसनला विसरू नका. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबेनचा हा काळा फिडलवादक. त्याच्या घरात फिडल आणि बँजो पिढ्यान् पिढ्या एकत्र वाजले. या जोडीत स्कॉटलंड कुठे संपतं आणि आफ्रिका कुठे सुरू होते, हे सांगता येईल?

धुळाक्षर
नाही सांगता येणार, आणि मला ते सांगायचंही नाही. पण गोळा करणारा म्हणून कार्टरचं नाव लागतं, तर बरोबरीने हिंडणाऱ्या रिडलचं का नाही? माझं मागणं एवढंच आहे.
थॉम्पसनची आठवण काढलीत, बरं वाटलं. 2005 मध्ये तो 86 वर्षांचा होता. गायिका-बँजोवादक रायनन गिडन्स आणि तिचे दोन काळे साथीदार त्याच्या घरी जाऊन समोर बसून शिकायला लागले आणि त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. पुढच्या मैफलीत त्या बँजोवाल्याला मी त्यांचंच वादन ऐकवणार आहे.